व्रण आणि ऋण

लखनौचे नाव लक्ष्मणावरून पडले, असे तिथली लोकपरंपरा सांगते. गोमतीच्या काठी लक्ष्मण टीला म्हणून ओळखली जाणारी एक उंचवट्याची जागा आहे; तिच्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो वा न उतरो, शहराच्या स्मरणात ती रुजून बसली आहे. याच शहराच्या उत्तर अंगाला, सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूने, जानकीपुरम ही वसाहत वाढत गेली. वसाहतींना नावे देताना कोणी फार विचार करीत नाही. तरीही काही नावे आपला अर्थ पोटात घेऊन वाट पाहत थांबलेली असतात. लक्ष्मणाच्या नगरात जानकीच्या नावाची वसाहत आणि तिच्या विस्तारित भागात केंद्रीय औषध संशोधन संस्था! जखमी लक्ष्मणासाठी औषध आणायला गेलेल्या हनुमंताची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला या तीन गोष्टी एकत्र आलेल्या पाहून क्षणभर थबकावेसे वाटेल.

त्या कथेतला एक तपशील सहसा विसरला जातो. आपल्या बोलण्यात एकटी संजीवनी उरली आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडात मात्र वनस्पती चार आहेत. मृताला उठवणारी मृतसंजीवनी, अंगात रुतलेले शल्य बाहेर काढणारी विशल्यकरणी, तुटलेले सांधणारी संधानकरणी आणि त्वचेला तिचा मूळ वर्ण परत देणारी सावर्ण्यकरणी. पहिली बाजूला ठेवली, तर उरलेल्या तिघींत व्रणोपचाराचा सारा क्रम सामावला आहे. आधी जखम निर्मळ व्हावी, मग तिच्या कडा जुळाव्यात, आणि शेवटी तिथली कातडी सभोवतालच्या कातडीसारखी दिसावी. जखमेवर लावायच्या औषधाची परीक्षा आजची प्रयोगशाळा घेते तीही याच तीन प्रश्नांनी. मात्र रणांगणावर जखम आधी झाली होती आणि औषध मागाहून आले. प्रयोगशाळेत औषध आधी तयार असते, आणि त्याच्यासाठी जखम करावी लागते.

ती जखम कोणाला करायची, हा या विद्येतला पहिला प्रश्न आहे. आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. पांढरा उंदीर, गिनिपिग, ससा, क्वचित डुक्कर.

केंद्रीय औषध संशोधन संस्थेचा जन्म जानकीपुरममधला नव्हे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले ते गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये. अवधच्या नवाबांचा हा राजवाडा. घुमटावरच्या छत्र्यांमुळे त्याला हे नाव मिळाले. जिथे एकेकाळी बेगमांचा वावर होता, तिथे परीक्षानळ्या आणि प्राण्यांचे पिंजरे आले, आणि सहा दशके तिथेच राहिले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संस्था जानकीपुरमच्या नव्या आवारात गेली. संस्थेचे पहिले संचालक सर एडवर्ड मेलान्बी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास त्यांनी कुत्र्याच्या पिलांना उन्हापासून दूर ठेवून केवळ ठरावीक अन्नावर वाढवले आणि त्यांच्या अंगी मुडदूस उत्पन्न केला. पिलांचे पाय वाकले. त्या वाकलेल्या पायांतून मुडदुसाचे मूळ आहारातील उणिवेत आहे हे उलगडले, आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल असंख्य मुलांच्या पोटात जाऊन त्यांचे पाय सरळ राहिले. पिलांचे पाय आणि मुलांचे पाय यांचा हा हिशेब कोणत्याही वहीत नीट जुळत नाही. संस्थेच्या पहिल्या पानावरच तो लिहिला गेला आहे, एवढे खरे.

जखमेवरच्या औषधाची परीक्षा कशी होते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. प्राण्याला भूल दिली जाते. पाठीवरचे केस काढून कातडी स्वच्छ केली जाते. गोल पात्याने किंवा कात्रीने ठरावीक मापाचा तुकडा पूर्ण जाडीनिशी काढला जातो. पाठच का, याचे कारण साधे आहे: तिथे प्राण्याचे तोंड सहज पोचत नाही. मग काही प्राण्यांच्या जखमेला औषधाचे मलम, काहींच्या जखमेला औषधाविना नुसतेच मलम, आणि काहींच्या जखमेला बाजारात रुळलेले एखादे औषध लावले जाते. काही दिवसांच्या अंतराने जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड रेखली जाते आणि आलेखाच्या चौकटी मोजून क्षेत्रफळ काढले जाते. पिंजऱ्यात एकसारखे दिसणारे प्राणी ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगावर पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका लावण्याची जुनी रीत आहे. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या शेपटीवर. तेच त्यांचे नाव.

दुसरी एक परीक्षा आहे, ती ऐकताना मन अधिक गुंतते. पाठीवर लांब चीर देऊन ती शिवली जाते. सातआठ दिवसांनी टाके काढले जातात. दहाव्या दिवसाच्या सुमारास प्राण्याला पुन्हा भूल देऊन भरलेल्या जखमेच्या दोन्ही कडांना चिमटे लावले जातात. एक चिमटा पक्का बांधलेला असतो. दुसऱ्याला दोरीने एक हलके भांडे लटकवलेले असते. त्या भांड्यात पाण्याची धार एकसारखी सोडतात. पाणी वाढत जाते, कातडी ताणली जाते, आणि एका क्षणी जखम उकलू लागते. तिथे धार थांबवायची. भांड्यात साठलेल्या पाण्याचे वजन म्हणजे त्या जखमेच्या भरण्याचे बळ. ज्या जखमेवर चांगले औषध लागले, ती अधिक पाणी पेलते. भारतातल्या अनेक प्रयोगशाळांत ही साधी, स्वस्त आणि अचूक पद्धत वापरली गेली. ‘बरे झाले’ या दोन शब्दांचा अर्थ तिने ग्रॅममध्ये सांगितला. मात्र तो सांगण्यासाठी बरे झालेले पुन्हा उकलावे लागले. अखेरीस त्या जागेची कातडी काढून तिच्यातील हायड्रॉक्सिप्रोलीनचे प्रमाण मोजतात, कारण ते तिथे किती कोलॅजेन विणले गेले याची खूण असते. ज्या दिवशी जखम भरते, त्याच दिवशी किंवा त्याच्या आसपास त्या प्राण्याचे काम संपते, आणि बहुधा आयुष्यही.

व्रण या शब्दाची फोड सुश्रुताने फार मार्मिक केली आहे. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेतो नाहीशी होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणायचे. मराठीतही हा शब्द जखमेलाही लागतो आणि जखमेमागे राहिलेल्या वणालाही. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले. त्यांत शोधन आहे, रोपण आहे, आणि शेवटी शेवटी नव्या कातडीचा रंग सभोवतालच्या कातडीशी जुळवणे आणि तिथे पुन्हा केस उगवणे इथपर्यंतचा विचार आहे. याच सुश्रुताने शल्यकर्म शिकणाऱ्या शिष्याचा हात कशावर बसवावा, याचाही एक अध्याय लिहिला. छेद द्यायला शिकायचे ते कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर. शिरा टोचायला शिकायचे ते कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर. जिवंत देहावर हात टाकण्याआधी निर्जीव देहावर हात बसला पाहिजे, हा विचार इतका जुना आहे. आज ज्याला ‘पर्याय’ म्हणतात, त्याची सुरुवात कोहळ्याच्या सालीवर झाली होती.

प्राण्याची कातडी माणसाच्या कातडीविषयी किती खरे बोलते, हा दुसरा प्रश्न. आणि तो पहिल्याहून कमी नैतिक नाही. बैलाच्या पाठीवर माशी बसली की तो शेपटी न हलवताही तेवढीच कातडी थरथरवतो. कातडीखाली पसरलेल्या स्नायूच्या एका पातळ थराची ती करामत. उंदराच्या अंगातही हा थर आहे. माणसाच्या अंगी त्याचे काही थोडे अवशेषच उरले आहेत. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः आक्रसून मिटते. थैलीचे तोंड दोरी ओढून बंद करावे, तशी. माणसाची जखम तळातून मांसांकुर भरत आणि कडेकडून नवी त्वचा सरकवत बंद होते. उंदराच्या पाठीवर जे मलम उत्तम ठरले, त्याने कदाचित फक्त दोरी लवकर ओढली असेल. त्वचा विणायला मदत केलीच असेल असे नाही. यावर तोड म्हणून जखमेभोवती सिलिकॉनचे कडे शिवून तिला आक्रसू न देण्याची युक्ती निघाली. म्हणजे उंदराला त्याच्या स्वतःच्या रीतीने बरे होण्यापासून रोखायचे आणि माणसाच्या रीतीने बरे व्हायला लावायचे. विज्ञानाच्या दृष्टीने हे आवश्यक आहे. तरीही एका जिवाकडून दुसऱ्याची भाषा वदवून घेण्यातले काहीतरी त्यात जाणवत राहते.

डुकराची कातडी माणसाच्या कातडीला बरीच जवळची. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी तरुण डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. तोवर जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरली की निर्धास्त व्हावे, असाच सार्वत्रिक समज होता. विंटर यांनी दाखवले की खपली हा नव्या पेशींच्या वाटेतला अडथळा आहे. ओलावा मिळाला तर त्यांना खपलीखालून वाट कोरत जावे लागत नाही. पुढच्याच वर्षी माणसांच्या कातडीवर हेच दिसून आले. आज जगभरच्या रुग्णालयांत जखमेवर जी ओलावा धरणारी आवरणे घातली जातात, त्यांचा उगम त्या काही डुकरांच्या पाठीवर आहे. औषधाचा एक थेंबही त्यात नव्हता. प्रश्न नेमका होता, प्राणी योग्य होता, आणि उत्तर माणसापर्यंत पोचले. प्राण्यावरच्या प्रयोगाचे समर्थन करायचे तर ते अशा प्रयोगाच्या आधारे करावे लागते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत जखमेचे औषधशास्त्र वेगळ्या वाटेने जमत गेले. बोट कापले की मूल ते आधी तोंडात घालते. पायात काटा मोडला की रुईचा चीक लावतात, म्हणजे काटा वर येतो. ही गावची विशल्यकरणी. रानात खरचटले की एकदांडीचा, म्हणजेच दगडी पाल्याचा, रस पिळतात. आणि या सगळ्यांच्या वर हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळले जातात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या, सोललेल्या त्या खांद्यांना कोमट पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा लोणी चोळले जाते. जखम माणसाच्या कामापायी झालेली, आणि औषध माणसाच्याच घरातले. वर्षातून एक दिवस का होईना, या समाजाने जनावराच्या खांद्यावरचे आपले ऋण हाताने चाचपून पाहिले. जनावराला जे लावायचे, तेच घरच्या मुलाच्या गुडघ्यालाही लावायचे, हा त्यातला दुसरा धडा.

ही हळद १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात पोचली. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांच्या कामावर, जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट तिथे दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. लखनौची ही संस्था याच परिषदेची. आणि परिषदेच्या महासंचालकपदी तेव्हा गोव्यातल्या माशेलात जन्मलेले, मुंबईत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील लेख, असे बत्तीस पुरावे पुढे ठेवले गेले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. भारतात या निकालाचा आनंद झाला, आणि तो रास्तही होता. पण निकाल काय सांगत होता, हे बारकाईने पाहायला हवे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच कायद्याने मान्य केले. हळदीने जखम किती भरते, कोणती भरते, किती हळदीने भरते, हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच. परंपरा जुनी असल्याचे प्रमाणपत्र आजीच्या बटव्याला मिळाले. औषध खरे असल्याचे प्रमाणपत्र वेगळ्या दारातून मिळवावे लागते. त्या दारापाशी पिंजरा उभा असतो.

केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, ती छत्तर मंझिलमध्ये असतानाच, हे दार काही वनस्पतींसाठी उघडले गेले. संस्थेतील संशोधकांनी १९९९ साली मंडूकपर्णीवरचे काम प्रसिद्ध केले. पाणथळ जागी पसरणारी, बेडकाच्या पावलासारख्या गोलसर पानांची ही वेल. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. तिच्यातील एशियाटिकोसाइड हा घटक वेगळा काढून त्याचे ०.२ टक्के द्रावण गिनिपिगांच्या जखमांवर लावले, तेव्हा हायड्रॉक्सिप्रोलीनचे प्रमाण ५६ टक्क्यांनी आणि जखमेचे ताण सोसण्याचे बळ ५७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मधुमेह उत्पन्न केलेल्या उंदरांत, जिथे जखम मुळातच रेंगाळते, तिथे ०.४ टक्के द्रावणानेही भरण्याला गती आली. त्याच साली तिथल्या संशोधकांनी रुईच्या चिकाचीही परीक्षा मांडली. गिनिपिगाच्या पाठीवर ८ मिलिमीटर व्यासाच्या चार जखमा, आणि चिकाचे एक टक्का द्रावण दिवसातून दोनदा, सात दिवस. मारुतीच्या गळ्यात ज्या रुईच्या पानांची माळ पडते, त्या रुईने जखमा भरण्यास मदत केल्याचे निष्कर्ष आले. ज्या हनुमंताने औषधासाठी पर्वत उचलला, त्याच्याच माळेतले हे झाड लक्ष्मणाच्या नगरातल्या पिंजऱ्यापर्यंत यावे, हा योगायोग. संशोधकांनी मात्र योगायोग मोजला नाही, कोलॅजेन मोजले. आणि तेच त्यांचे काम होते.

आता ज्याच्यासाठी हे सारे चालते, त्या माणसाकडे वळले पाहिजे. साध्या जखमेला औषधाची फारशी गरज नसते; निरोगी देह ती आपणच भरून काढतो. औषध हवे असते ते सुश्रुताने ज्याला दुष्टव्रण म्हटले, त्या न भरणाऱ्या जखमेला. मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीची जखम, कुष्ठरोग बरा होऊनही पावलावर राहिलेली जखम. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या जखमेत एक विलक्षण साम्य आहे: ती दुखत नाही. मज्जातंतू बधिर झालेले असतात. चपलेतला खिळा दिवसभर टोचतो आणि माणूस चालतच राहतो. संध्याकाळी पायावर रक्त दिसते, तेव्हा कळते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे पॉल ब्रँड यांनी आयुष्यभर हेच सांगितले, की वेदना ही देहाची शत्रू नव्हे, राखणदार आहे. आणि बधिर पायाची जखम प्लास्टर घालून त्या पावलावरचा भार काढला की पुष्कळदा औषधाविनाही भरते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात ज्यांनी बाबा आमट्यांसोबत खडकाळ रान पिकवले, त्यांच्यातल्या अनेकांना अशा न दुखणाऱ्या जखमांसह नांगर धरावा लागला.

इथे या विद्येतली खरी विसंगती उघडी पडते. ज्याला दुखत नाही, त्याच्या जखमेसाठी ज्याला दुखते, त्याला जखम केली जाते. माणूस बधिर आहे आणि उंदीर सचेत. उंदराला वेदनाशामक द्यावे, तर त्यातली काही औषधे दाह कमी करतात. आणि दाह हा तर जखम भरण्याच्या क्रमातला पहिला टप्पा. म्हणून वेदनाशामकाने निष्कर्ष बिघडेल, अशी भीती संशोधकाला वाटते. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. पण ती सोयीची मात्र फार आहे. दाहात न लुडबुडणारी, अफूच्या कुळातली वेदनाशामके आहेत, आणि ती देता येतात. ती दिली गेली की नाही, हे शोधनिबंधात एका ओळीत लिहिलेले असते, किंवा लिहिलेले नसते. वाचणाऱ्याने ती ओळ शोधावी. प्रयोगाचे शील तिथे कळते.

दुःखाचा जखमेशी संबंध केवळ भावनेचा नाही, हेही आता ठाऊक झाले आहे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो इथल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशा ओझ्यातून मोकळ्या असलेल्या तेरा स्त्रिया निवडल्या, आणि त्यांच्या संमतीने प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली. दुसऱ्या गटातल्या जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या. शुश्रूषा करणाऱ्यांच्या जखमांना त्याहून नऊ दिवस अधिक लागले. त्यानंतर हॅमस्टर या लहान प्राण्यावरही दिसले, की ताण दिलेला प्राणी एकटा असेल तर त्याची जखम रेंगाळते. जोडीदार सोबत असेल तर ती वेळेवर भरते. जखम झालेले उंदीर एकमेकांच्या जखमा चाटतात, कुरतडतात, म्हणून त्यांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवण्याची पद्धत आहे. उंदीर हा तर कळपात राहणारा जीव. एकान्तात ठेवलेल्या, भ्यालेल्या प्राण्याच्या पाठीवर औषधाचे गुण तपासले, तर त्या उत्तरात औषध किती आणि भीती किती? करुणा ही प्रयोगाची सजावट नव्हे. ती नसेल तर आकडाही खोटा निघू शकतो.

या देशाने हा प्रश्न कायद्यात आणला तो १९६० साली. राज्यसभेच्या सदस्य असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी आधी स्वतःचे विधेयक मांडले होते. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या नर्तिकेने प्राण्यांच्या देहाविषयीही बोलावे, यात विसंगती नव्हती. देहाला काय सोसावे लागते, हे नर्तकाइतके कोणाला कळणार? त्या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. पण लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, भूल द्यावी, आणि प्रयोगात घायाळ झालेला प्राणी शुद्धीवर येऊन फार हाल सोसणार असेल, तर शुद्धीवर येण्याआधीच त्याचा अंत करावा, असे त्याने सांगितले. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नैतिक समितीची तरतूद केली. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली होती: प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना हलकी करा. त्या सूत्रांचा जगभर विचार झाला, आणि भारतात तो उशिराने का होईना, पोचला. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ साली भारतात बंदी आली, आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत प्राण्याविना करता येणाऱ्या परीक्षांना जागा मिळाली.

तरीही या क्षेत्रातली मोठी हानी कायद्याच्या कक्षेत येत नाही. ती पुनरुक्तीची आहे. एखाद्या झाडाची पाने वाळवायची, अर्क काढायचा, मलमात मिसळायचा, उंदरांचे चार गट करायचे, जखमा मोजायच्या आणि ‘अर्काने जखम लक्षणीय वेगाने भरली’ असा निष्कर्ष लिहायचा. पदवीसाठी, बढतीसाठी, छापील यादीतल्या एका ओळीसाठी. झाड बदलते, निष्कर्ष बदलत नाही. दगडी पाल्यावरचे प्राण्यांवरील प्रयोग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच छापले गेले होते. त्या पाल्याचे मलम मात्र अजून मधुमेही माणसाच्या पायापर्यंत पोचलेले नाही. मधल्या काळात जे प्राणी गेले, त्यांच्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न कोणत्याही समितीच्या अर्जात नसतो. चांगल्या प्रश्नासाठी दिलेला प्राणी हे ऋण असते. ते कधीतरी फिटण्याची आशा असते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नको होते, त्याच्यासाठी दिलेला प्राणी ही नुसती हानी.

याच्या उलट टोकाला मुंबईतली दोन कामे ठेवता येतील. भाजलेल्या मुलांच्या अंगावर दररोज बदलले जाणारे मलमपट्टीचे कापड जखमेला चिकटते आणि ओढून काढताना मूल किंचाळते, हे वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी पाहिले. १९८५ साली त्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची आवरणे वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे आवरण तपासले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या पानावर भात वाढतात, तेच पान सोललेल्या अंगावर. ते चिकटत नाही, ओलावा धरते, बदलताना दुखत नाही, आणि फुकटाच्या भावात मिळते. विंटर यांच्या डुकरांनी जे शिकवले होते, तेच इथे केळीच्या पानाने अमलात आणले. आणि त्यासाठी नव्या प्राण्याला नवी जखम करावी लागली नाही. ज्ञान एकदा मिळाले की ते पुनःपुन्हा वापरावे, पुनःपुन्हा मिळवत बसू नये, याचा हा शहाणा नमुना. याच शीवच्या रुग्णालयात त्वचापेढीही उभी राहिली. मृत्यूनंतर काही तासांच्या आत दिलेली माणसाची कातडी तिथे जपून ठेवली जाते आणि भाजलेल्या माणसाच्या उघड्या देहावर तात्पुरते आवरण म्हणून घातली जाते. कातडीचे ऋण कातडीने फेडण्याचा हा एकच सरळ मार्ग माणसाला सापडला आहे.

बाकीचे ऋण सरळ फिटणारे नाही. मधुमेहाने पाय गमावण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘प्राण्यांवर प्रयोग नकोत’ एवढेच सांगून परत पाठवता येत नाही. त्याची जखम खरी आहे, आणि तिच्यावर लावायचे औषध आधी कुठेतरी, कशावर तरी तपासलेले असले पाहिजे. मानवी पेशींच्या चकत्या, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या कातडीचे बशीत जिवंत ठेवलेले तुकडे, यांच्यावर पुष्कळ काही तपासता येऊ लागले आहे. पण अशा तुकड्यात रक्त वाहत नाही, त्याला ताप येत नाही, तो खांदा मोडून झोपत नाही. काही उत्तरे अजून जिवंत देहाकडूनच येतात. तोवर त्या देहाला भूल नीट मिळावी, वेदनेवर उतारा मिळावा, शक्य तेव्हा सोबत मिळावी, आणि त्याला विचारलेला प्रश्न आधीच कोणी विचारून झालेला नसावा, एवढे मागणे फार नाही.

जानकी ही भूमीची कन्या. तिच्या नावाच्या वसाहतीत, प्राणिगृहाच्या नियंत्रित उजेडात, एखाद्या पांढऱ्या पाठीवर पिवळा ठिपका असतो. तो ठिपका हळदीचा नव्हे; तो नुसता अनुक्रमांक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यावर चढणाऱ्या पिवळ्या रंगाशी त्याचे काही नाते लावता आले, तर ते संशोधकाच्या हातूनच लागेल. आणि ते वर्षातून एक दिवस लावून चालणार नाही.